कंसातले आवाज

गळा नसला तर निदान कान तरी असावा, तानसेन नाही तर कानसेन, असं आपण सहज म्हणून जातो. त्या कंपनीत मात्र कानसेन नावाचा खरोखरीचा एक माणूस होता. मालकीणबाईंनी त्याला हे नाव पहिल्याच आठवड्यात दिलं आणि ते इतकं पक्कं चिकटलं, की टपालावर स्वतःचं खरं नाव वाचलं की तो क्षणभर थबकत असे.

कंपनी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. जुने हॉलिवूडचे चित्रपट, तेही बहुतेक काळेपांढरे, घरी बघण्यासाठी डीव्हीडीवर काढायचे, हा तिथला धंदा. चित्रपटाची धुऊनपुसून स्वच्छ केलेली प्रत परदेशातून येई. संवादांचं भाषांतर एक निवृत्त ग्रंथपाल घरबसल्या करून पाठवी. ते संवाद चित्राखाली नेमक्या क्षणी उमटतील असे बसवणं हे कानसेनाचं निम्मं काम. उरलेलं निम्मं काम म्हणजे कंस. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी पडद्यावरचा प्रत्येक महत्त्वाचा आवाज कंसात लिहायचा. दार वाजलं, कुत्रं भुंकलं, दुसऱ्या खोलीत कोणी पियानो वाजवू लागलं, की खाली तसा कंस उमटला पाहिजे.

हे काम तो एकोणीस वर्षं करत होता आणि त्याच्यासारखं ते कोणी करत नव्हतं. इतर कंपन्यांच्या डीव्हीडीवर नुसतं ‘दार वाजते’ एवढंच असायचं. कानसेन लिहायचा, ‘(कोणीतरी दारावर नखांनी टकटक करतं)’. इतर लिहीत ‘संगीत’. हा लिहायचा, ‘(खालच्या मजल्यावर नाचाची धून, मध्येच एक सूर चुकतो)’. मालकीणबाई पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवत. ‘‘आमच्या कानसेनाचे कंस वाचा,’’ त्या म्हणत, ‘‘ऐकू येणाऱ्यांनासुद्धा जास्त ऐकू येतं.’’

ही कला त्याला कोणी शिकवली नव्हती. ती ताईमुळे आली. ताई त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. नवव्या वर्षी तिला मोठा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा कान गेले होते. बोलणं शाबूत राहिलं, पण ऐकणं संपलं. वडील रविवारी दोघांना सिनेमाला नेत. अंधारात तिला ओठ वाचायला कोणाचे दिसणार? म्हणून हा सहा वर्षांचा भाऊ तिच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढी. ‘दार’ असं लिहिलं की ती कानाशी येऊन विचारायची, ‘‘कसलं दार? लाकडी की लोखंडी? आपटलं की लोटलं?’’ तिचं हळू बोलणं तिच्या मते हळू असे. पुढच्या तीन रांगा मागे वळून बघत. भाऊ लाजेने अर्धा होई, पण पुन्हा कान देऊन ऐके आणि तळहातावर लिही, ‘लोखंडी. आपटलं.’

आता तो सत्तावन्न वर्षांचा होता, ताई साठीची. ती त्याच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची, शिंपीकाम करायची. कुठलाही नवा संच कारखान्यात छापायला जाण्याआधी त्याची तपासणीची डीव्हीडी कानसेन रविवारी घरी आणी आणि ताई ती बघे. असा कंपनीचा नियम वगैरे काही नव्हता, पण रिवाज होता. ताईला कळलं की जगाला कळलं.

तशी कंपनीत एक रीतसर तपासणीही होती. ती थांबाबाई करत. प्रत्येक चुकीला ‘थांबा’ म्हणून पडदा थांबवायची सवय, म्हणून हे नाव. पन्नाशीच्या, नाकावर चष्मा, जीभ तिखट. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक त्यांच्या तावडीतून सुटत नसे. पण त्या तपासत फक्त अक्षरं. चित्रपटाचा आवाज बंद करून, शेजारी रेडिओ लावून त्यांचं काम चाले. ‘‘आवाजाचं मला काय करायचंय?’’ त्या म्हणत. ‘‘कानसेनाने लिहिलं म्हणजे वाजलं.’’

आणि इथेच पाणी मुरत होतं. कानसेनाला नीट ऐकू येईनासं झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा त्याला वाटलं की ही प्रतच खराब आहे. पक्षी चोच उघडतोय आणि आवाज नाही. मग त्याने तोच तुकडा जुन्या प्रतीवर लावून बघितला, तिथेही पक्षी मुका. तेव्हा त्याला कळलं. बारीक, उंच आवाज आधी गेले. घंट्या, शिट्ट्या, काचेची किणकिण. जाडे आवाज अजून येत होते, माणसांचं बोलणंही बऱ्यापैकी कळत होतं. त्याने हेडफोनचा आवाज वाढवला. पुढे आणखी वाढवला. आणि नंतर तो डोळ्यांनी ऐकू लागला. किटलीतून वाफ निघाली की किटली शीळ घालणार, हे सांगायला कान कशाला हवेत? जुने चित्रपट त्याच्या हाडीमासी भिनले होते. कोणी ग्लासाला ग्लास भिडवला की कंस आपोआप बोटांतून उतरे. सांगितलं कोणालाच नाही. कानसेनाने कान गेले असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

त्या वर्षी मालकीणबाईंनी एक संच काढायचा घाट घातला, ‘सुट्टीतल्या प्रेमकथा’. हिवाळ्याच्या सुट्टीत घडणाऱ्या सहा जुन्या चित्रपटांचा. सगळ्यांत बर्फ, सगळ्यांत एखादं हॉटेल किंवा रेल्वे स्टेशन, सगळ्यांत दोन माणसं आधी भांडणार आणि सुट्टी संपता संपता एकमेकांची होणार. लोकांना सुट्टीच्या दिवसांत घरी बसून असलेच चित्रपट बघावेसे वाटतात, हे मालकीणबाईंना पक्कं ठाऊक होतं. सहाही डीव्हीडी एका देखण्या डबीत, आणि सुट्ट्या लागायच्या आत दुकानात. पाच चित्रपट तपासून तयार होते. ताईने तेही एकेका रविवारी बघितले होते आणि खूश होती. सहावा बघायचा राहिला होता. सोमवारी सकाळी अकराला कारखान्याची गाडी येणार होती.

रविवारी दुपारी ताई आपली खुर्ची स्वतः उचलून वर घेऊन आली. भावाच्या घरातल्या खुर्च्या तिला पटत नसत. बायको आत कपड्यांना इस्त्री करत होती. चित्रपट सुरू झाला.

डोंगरावरचं हॉटेल, हंगाम नसल्यामुळे बंद. तिथे राहते फक्त एक तरुण राखणदारीण. गाडी बर्फात रुतली म्हणून टाईपरायटर विकत फिरणारा एक माणूस आत येतो. काउंटरवर एक घंटी, माथ्यावर टपली मारून वाजवायची असते तशी. ती बाई पाठमोरी, कपाटातल्या खणांत किल्ल्या लावत असलेली. तो घंटीवर टपली मारतो. खाली कंस उमटला, ‘(घंटी खणखणते)’. बाई वळत नाही. तो पुन्हा मारतो. ‘(घंटी पुन्हा खणखणते)’. तिसऱ्यांदा. बाई किल्ल्याच लावते आहे. तो तिच्या पाठीकडे बघत राहतो, गालात हसतो आणि आपल्या बॅगेवर बसून वाट बघू लागतो. कितीतरी वेळाने ती वळते आणि दचकते.

ताई खुर्चीत सरळ झाली. तिने भावाकडे असं बघितलं, की कानसेनाला काही कळेना.

‘‘सांगितलं नाहीस मला, लेका,’’ ती म्हणाली.

‘‘काय सांगायचं?’’

‘‘काही नाही. आता बोलू नकोस. बघू दे.’’

त्यानंतरची चाळीस मिनिटं ताईने पडद्यावरून नजर हलवली नाही. नायिका नायकाच्या तोंडाकडे बघायची तेव्हा ताईची मान डोलायची. जेवणाच्या खोलीत नायक मागून बोलत येतो आणि नायिका उत्तर देत नाही, तिथे तर ती गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, ‘‘असंच असतं. माणसाला वाटतं, बाई शिष्ट आहे.’’

मग बाजूच्या खोलीत टेलिफोन वाजला. नायिका पायऱ्यांवरून धावत गेली आणि फोन उचलून बोलू लागली.

‘‘थांबव,’’ ताई म्हणाली.

त्याने थांबवलं.

‘‘ही ऐकते.’’

‘‘ऐकते म्हणजे?’’

‘‘फोन ऐकला तिने. भिंतीपलीकडचा.’’ ताईचा आवाज अजून चढला. ‘‘मग ती घंटी का नाही ऐकली? नाकासमोर तीनदा वाजली ती?’’

‘‘कामात गुंग असेल.’’

‘‘किल्ल्या लावण्यात?’’

तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की इतका वेळ ताई काय बघत होती. साठ वर्षांत ताईने किती चित्रपट बघितले असतील त्याची गणती नाही, आणि त्यांतली एकही नायिका तिच्यासारखी नव्हती. आज चाळीस मिनिटं एक होती. ती त्याने दिली होती, त्याच्या तीन कंसांनी.

‘‘पुढे लाव,’’ ताई म्हणाली. ‘‘शेवट बघू दे.’’

शेवटी सुट्टी संपते, नायक परत येतो, कागदात गुंडाळलेली एक नवी कोरी घंटी काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, ‘‘ही वाजते.’’ नायिका रडत रडत हसते. ते वाक्य बसवताना कानसेनाला वाटलं होतं, लेखकाने काहीतरी चमकदार लिहिलंय झालं.

‘‘ही वाजते,’’ ताईने चित्राखालचं वाक्य मोठ्याने वाचलं. ‘‘म्हणजे ती वाजत नव्हती. तू ऐकलीस ती घंटी? खरं सांग.’’

उत्तराची वाट न बघता ताईने आतल्या वहिनीला हाक मारली. बायको इस्त्रीचा खटका बंद करून बाहेर आली.

‘‘हे ऐक जरा,’’ ताई म्हणाली. ‘‘घंटी वाजते का सांग.’’

तो तुकडा पुन्हा लागला. बायकोने कान देऊन ऐकलं. ‘‘नाही बाई. नुसतं टक् होतंय. लाकडावर टिचकी मारावी तसं. बिघडलेली दिसते.’’ मग तिने खाली उमटलेला कंस वाचला आणि नवऱ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर नवल काही दिसलं नाही.

‘‘तुला माहीत होतं?’’ त्याने विचारलं.

‘‘अहो, वर्षभर मी प्रत्येक गोष्ट तुमच्या समोर येऊन, तोंडाकडे बघून बोलते आहे. तुम्हांला काय वाटलं, या वयात प्रेम ऊतू चाललंय?’’

ताईला हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. तिने खुर्ची भावाकडे वळवली.

‘‘तुझे कान गेले त्याचं मला काही वाटत नाही. कान गेल्यावर माणूस मरत नाही, मी समोर बसलेय. पण तू मला खोटं ऐकवलंस. इतरांना शंका आली तर ते आवाज मोठा करून बघतील. मी काय करू? माझ्याकडे पडताळून बघायला काही नाही. तू लिहितोस तेच माझ्यासाठी वाजतं.’’

‘‘एका घंटीचा काय एवढा—’’

‘‘आधीच्या पाचांत किती घंट्या आहेत?’’

याचं उत्तर त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेच खरं दुखणं होतं. कुठला कंस ऐकून लिहिला आणि कुठला बघून, हे आता त्याला स्वतःलाच सांगता आलं नसतं.

‘‘उद्या बाईंना सांग,’’ ताई म्हणाली.

‘‘सांगितलं तर काम जाईल.’’

‘‘जाईलही.’’ ती उठली आणि खुर्ची उचलली. ‘‘नाही सांगितलंस तर यापुढे माझ्याकडे डीव्हीडी आणू नकोस. मी नुसती चित्रं बघेन. ती निदान खरी असतात.’’

खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. कानसेनाची गोष्ट वेगळी होती. त्याने कधी कोणाला फसवायचं म्हणून लिहिलं नव्हतं. कंस रिकामा सोडायची भीती वाटायची म्हणून लिहिलं होतं. शांतता पडली की त्याला वाटायचं, आवाज असणारच, आपल्यालाच येत नाही. आपल्या कानांवरचा विश्वास उडाला, तसा शांततेवरचाही उडाला होता.

सोमवारी तो नऊलाच कंपनीत पोहोचला. मालकीणबाई सहा डीव्हीडी पाकिटात भरून त्यावर चिकटपट्टी लावत होत्या.

‘‘आलात? ताईंचा काय निकाल?’’

‘‘नापास,’’ तो म्हणाला. ‘‘गाडी थांबवायला हवी.’’

त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घंटीपासून सुरुवात केली आणि पक्ष्यापर्यंत मागे गेला. मालकीणबाईंच्या हातात चिकटपट्टीचा तुकडा तसाच राहिला आणि बोटाला गुंडाळला गेला.

‘‘किती दिवसांपासून माहीत होतं?’’

‘‘दोन वर्षं.’’

‘‘दोन वर्षं.’’ त्यांनी पट्टी ओढून काढली. ‘‘आणि मी गावभर तुमचे कंस दाखवत फिरते.’’

‘‘सुट्ट्या लागायला किती दिवस उरले आहेत माहीत आहे ना? सुट्ट्या संपल्यावर सुट्टीच्या प्रेमकथा कोण बघणार? उन्हाळ्यात बर्फ विकू?’’

‘‘घंटी तशीच ठेवली तर शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना काही फरक पडणार नाही,’’ कानसेन म्हणाला. ‘‘ज्यांना पडेल त्यांना तो कधी कळणारच नाही. तुम्ही म्हणाल तसं. पण मग त्यावर ऐकू न येणाऱ्यांसाठी असं छापू नका.’’

शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. थांबाबाई दारात येऊन उभ्या होत्या.

‘‘थांबा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणजे एवढी वर्षं मी आवाज बंद करून तपासत होते ते चुकलंच की माझंही.’’

‘‘तुम्ही मध्ये पडू नका,’’ मालकीणबाई म्हणाल्या.

‘‘मध्येच पडायचा पगार घेते मी.’’

मालकीणबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी कारखान्याला फोन लावला आणि आज गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं. समोरचा माणूस बराच बडबडला असावा, कारण त्यांनी फोन कानापासून लांब धरला होता. फोन ठेवून त्या कानसेनाकडे वळल्या.

‘‘रागावले आहे मी तुमच्यावर. हा राग आठवडाभर तरी पुरेल. पण कान दुसऱ्या कोणाचेही घेता येतील, लिहिणारा मी कुठून आणू? या बाई ऐकतील, तुम्ही लिहा. सहाही चित्रपट, पहिल्यापासून. आणि आज संध्याकाळी डॉक्टरांकडे जा. हे विचारत नाहीये, सांगते आहे.’’

डॉक्टरांनी एक छोटं यंत्र दिलं. त्याने बोलणं मोठं झालं, पण पक्षी काही परतले नाहीत. ताईने ते यंत्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, ‘‘बटण चांगलं शिवलंय.’’ कानसेनाने गाडी थांबवल्याचं सांगितलं तेव्हा तिने फक्त मान हलवली आणि सुईत दोरा ओवत राहिली.

काम सोपं गेलं नाही. थांबाबाईंचे कान तीक्ष्ण, पण अडाणी होते. त्यांना आवाज यायचा, तो कसला हे सांगता यायचं नाही. पहिल्या दिवशी त्या दर दोन मिनिटांनी म्हणायच्या, ‘‘काहीतरी वाजलं.’’

‘‘काहीतरी म्हणजे?’’

‘‘वाजलं हो. खट्कन.’’

‘‘कडी की किल्ली? जवळ की लांब?’’

‘‘तुम्ही पोलिसांत का नाही गेलात?’’

पण त्या तुकडा मागे घेत, डोळे मिटून पुन्हा ऐकत आणि म्हणत, ‘‘किल्ली. पण कुलपात फिरली नाही, खाली पडली.’’ चौथ्या दिवसापर्यंत कानसेनाला विचारावं लागेनासं झालं. काम संपेपर्यंत पाच चित्रपटांत न वाजलेले अकरा आवाज निघाले. सहाव्यातले तीन कंस त्याने स्वतः काढले आणि त्या जागी लिहिलं, ‘(टक्. घंटी वाजत नाही)’. राहून गेलेले आवाज मात्र कितीतरी अधिक होते. अकराचं दुःख त्या मोठ्या आकड्यापुढे लहान झालं.

पण हे झालं पुढचं; आठव्या दिवशी अजून तिसराच चित्रपट चालू होता. रेल्वे स्टेशनावर नायक-नायिका निरोप घेताहेत. दोघंही बोलत नाहीत. या जागी कानसेनाने पूर्वी काहीच लिहिलं नव्हतं आणि ती शांतता त्याला बरोबर वाटली होती.

‘‘थांबा,’’ थांबाबाई म्हणाल्या. ‘‘कोणीतरी शीळ घालतंय.’’

‘‘कोण?’’

‘‘दिसत नाही. चित्राबाहेर. फलाटाच्या टोकाला असेल, हमाल वगैरे.’’

कानसेन पडद्याकडे बघत राहिला. हा चित्रपट त्याने तरुणपणी बघितला होता, नंतरही तीन-चारदा. तेव्हा कान चांगले होते. तरी त्याला ती शीळ आठवत नव्हती. म्हणजे तेव्हाही ऐकली नसेल, किंवा ऐकून विसरला असेल.

‘‘सुरात आहे?’’

त्यांनी हेडफोन दाबून धरले. ‘‘नाही. पार बेसूर. पण मजेत आहे तो. त्याला काही माहीत नाही, इथे हे दोघं रडायला आलेत ते.’’

कानसेनाने लिहिलं, ‘(दूर कोणीतरी बेसूर शीळ घालतो, मजेत)’.

थांबाबाईंनी वाकून वाचलं. ‘‘‘मजेत’ कशाला? शीळ बेसूर आहे एवढं पुरे की.’’

‘‘तुम्हीच म्हणालात.’’

‘‘मी बोलायला काहीही बोलते. छापायचं असतं का ते?’’

‘‘ऐकू आलं ना मजेत असल्यासारखं?’’

‘‘आलं.’’

‘‘मग राहू दे,’’ कानसेन म्हणाला. मालकीणबाईंनी दाराशी येऊन आज हा संपेल का असं विचारलं, तेव्हा दोघंही पुढच्या दृश्यातल्या गाडीच्या चाकांवरून वाद घालत होते.